पुडीत काय होतं

माझ्या बोटांची कातडी पहिल्यांदा सोलली ती १९८४ च्या पावसाळ्यात. मी तेरा वर्षांचा होतो. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी फोटो स्टुडिओत कामाला लागलो होतो. काम म्हंजे काय, तर पाणी भरायचं, ट्रे धुवायचे, डेव्हलपरमधून फोटो उचलून हायपोत टाकायचे, हायपोतून पाण्यात, पाण्यातून दोरीवर. मालक चिमट्यानं उचलायचा. चिमटा एकच होता. मी हातानं उचलायचो.

आधी बोटं लाल झाली. मग भेगा पडल्या. मग रात्री अशी खाज सुटायची की झोप नाही. मालकाला हात दाखवला. तो म्हणाला, "तुमच्या वस्तीत घाण किती! आंघोळ करता का रोज? खाज सुटणारच." मी गप बसलो. खोटं कशाला सांगू, मला ते खरंच वाटलं. घरी जाऊन साबणानं घासून घासून हात धुतले. भेगांत साबण गेला, आग झाली. खाज थांबली नाही.

त्या खाजेचं खरं कारण मला पस्तीस वर्षांनी कळलं. ते एका पुडीत होतं.

डेव्हलपर तयार यायचा. फिल्मचा वेगळा, कागदाचा वेगळा. खोक्यात दोन पुड्या, एक छोटी, एक मोठी. कोमट पाण्यात आधी छोटी विरघळवायची, मग मोठी. उलटं केलं की बिघडायचं. का बिघडायचं ते कुणी सांगितलं नाही. एकदा विचारलं, "शेट, ह्यात असतंय काय?" तो म्हणाला, "तुला काय करायचंय? तू पाणी आण." त्याच्या टेबलाच्या खणात एक वही होती. खणाला कुलूप होतं.

दहा वर्षं त्या डार्करूममध्ये काढली. लाल दिव्याखाली कोऱ्या कागदावर चेहरा उमटताना हजारदा पाहिला. किती सेकंदांनी काळं धरतं, कुठं हात आडवा धरून उजेड अडवायचा, सगळं हातात बसलं. साहेबाच्या पोरीचं लग्न, पुढाऱ्याचा सत्कार, शाळेचे ग्रुप फोटो, सगळ्यांचे चेहरे माझ्या हाताखालून गेले. माझ्या मायचा एकही फोटो नव्हता.

१९९३ मध्ये एकदा लग्नाचं काम उरकून कॅमेरा रविवारी माझ्याकडं राहिला. डब्यातल्या लांब फिल्मचे तुकडे कापून आम्ही रोल भरायचो, त्यातला उरलेला एक तुकडा मी भरून ठेवला होता. वस्तीत फिरलो. चावडीवर बसलेले म्हातारे काढले, विटी-दांडू खेळणारी पोरं काढली. माय हापशावर होती. कॅमेरा बघून ओरडली, "आरं, माझा कशाला काढतुस? फिलम वाया जाईल की." मी खटका दाबला.

मालकाच्या डेव्हलपरमध्ये माझा रोल धुवायची हिंमत झाली नाही. पुढच्या वर्षी गावात रंगीत लॅब आली. मालकानं डार्करूम मोडली, तिथं काउंटर टाकला, मला सांगितलं, "उद्यापासून येऊ नको." रोल प्लास्टिकच्या डबीत घालून मायच्या पत्र्याच्या ट्रंकेत ठेवला. पुढं पोटामागं पळताना तो विसरलो.

२०१९ च्या फेब्रुवारीत माय गेली. जलदान विधीला भिंतीवर लावायला फोटो पाहिजे होता. मतदार ओळखपत्रावर अंगठ्याएवढा एक होता, त्यात डोळे मिटलेले. तोच मोठा केला. नुसते काळे ठिपके आले. लोक त्या ठिपक्यांना फुलं वाहून गेले. ट्रंक रिकामी करताना लुगड्याच्या घडीत डबी सापडली.

आता रोल धुवायचा कशात? तालुक्याला गेलो, जिल्ह्याला गेलो. जिथं पूर्वी पुड्यांची थप्पी असायची त्या दुकानात मोबाईलची कव्हरं लटकली होती. दुकानदार म्हणाला, "काका, तो पुडा यायचा बंद होऊन जमाना झाला. कंपनीनं काढणंच सोडलं." मोठ्या शहरात परदेशी माल मिळतो म्हणून कळलं, पण एका रोलसाठी बाटलीभर घ्यायचा दाम माझ्या खिशात नव्हता.

बंद पडण्याची कथा जगभरची आहे. डिजिटल कॅमेरा आला, फिल्मचा खप कोसळला. हे कारखाने थोडक्या मालासाठी चालत नाहीत. जर्मनीतली आग्फाफोटो कंपनी २००५ मध्ये दिवाळखोरीत गेली. कोडॅक २०१२ च्या जानेवारीत त्याच वाटेनं कोर्टात गेली. उटीला आपल्या सरकारचा हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा कारखाना होता, 'इंदू' नावाची फिल्म काढायचा. तोही बंद झाला. सगळ्यात वाईट गत कोडाक्रोम ह्या रंगीत फिल्मची. तिचे रंग फिल्ममध्ये नसायचे, धुताना रसायनातून भरावे लागायचे. २००९ मध्ये कोडॅकनं फिल्म बंद केली, रसायनंही थांबली. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात पार्सन्स गावी शेवटची लॅब उरली होती. तिनं ३० डिसेंबर २०१० नंतर रोल घेणं थांबवलं. त्यानंतर ज्याचा रोल घरात राहिला, त्याच्या रोलमधले रंग गेले ते गेलेच. फार तर काळी-पांढरी आकृती काढता येते.

हे वाचून मी हबकलो. वाटलं, आपली मायही अशीच गेली. पण माझी भाची अकरावीला सायन्सला आहे. ती म्हणाली, "मामा, तुझा रोल काळा-पांढरा आहे ना? मग त्या पुडीत काय होतं ते तर सांग." मी म्हणालो, "ते मालकाच्या वहीत होतं." ती हसली. दहा मिनिटांत तिनं मोबाईलवर शोधून काढलं आणि वाचून दाखवलं.

फिल्मचा सगळ्यात चालणारा डेव्हलपर डी-७६. कोडॅकचा, १९२७ सालचा. एक लिटर पाण्याला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, टाकणखार २ ग्रॅम. संपलं. एवढंच. मेटॉल दाट सल्फाइटच्या पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून ते आधी घालायचं. म्हणून छोटी पुडी आधी! दहा वर्षं ज्याला कुलूप होतं ते जगातल्या पुस्तकांत छापलेलं होतं. इंग्रजीत होतं आणि माझ्यापर्यंत येऊ दिलेलं नव्हतं, एवढंच.

भाची पुढं वाचत गेली. मेटॉलनं काहींच्या कातडीला त्रास होतो, बोटं लाल होतात, भेगा पडतात, खाज सुटते. म्हणून डेव्हलपरमध्ये हात घालू नये, चिमटा किंवा हातमोजे वापरावेत. मी तिला थांबवलं. परत वाचायला लावलं. मग उठून बाहेर गेलो आणि अंधारात उभा राहिलो. तेरा वर्षांचं पोर रात्री साबणानं हात घासतंय, आणि त्याला वाटतंय की आपणच घाण आहोत. मालकाला ठाऊक नव्हतं म्हणावं, तर मग तो स्वतः चिमटा का वापरत होता?

दोस्तांनो, राग आला की मी काम करतो. कामाला लागलो.

मेटॉल मिळालं नाही. त्याला पर्याय निघाला तापाच्या गोळीचा. आग्फाचा रोडिनाल नावाचा डेव्हलपर १८९१ पासूनचा. त्यातलं मुख्य द्रव्य पॅरा-अमिनोफेनॉल. पॅरासिटामॉल कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात ठेवलं की फुटतं आणि तेच द्रव्य सुटं होतं. प्रमाण असं: ५०० मिलिग्रॅमच्या ३० साध्या गोळ्या कुटून, सोडियम सल्फाइट ५० ग्रॅम, कॉस्टिक सोडा २० ग्रॅम, सगळं मिळून २५० मिलिलिटर. बूच लावून तीन दिवस ठेवायचं. गोळ्यांतला पिठूळ गाळ खाली बसतो, वरचं पाणी वापरायचं. कॉस्टिक पाण्यात थोडं थोडं टाकायचं, पाणी कॉस्टिकवर कधीच ओतायचं नाही. ते तापतं, उडतं, डोळा जातो. चष्मा, हातमोजे, खिडकी उघडी. लहान पोरांच्या हाताला लागेल असं ठेवायचं नाही.

गोळ्या मेडिकलमधून आणल्या. सल्फाइट आणि हायपो कॉलेजच्या प्रयोगशाळांना माल देणाऱ्याकडं मिळालं. हायपो म्हंजे सोडियम थायोसल्फेट. रंगीत मासे पाळणारे पाण्यातलं क्लोरीन मारायला तेच वापरतात. खडे २५० ग्रॅम, पाणी एक लिटरपर्यंत. विरघळताना भांडं बर्फागत गार पडतं, म्हणून पाणी कोमट घ्यायचं. वजनाला वस्तीतल्या सोनारकाम करणाऱ्या पोराचा काटा आणला.

जुन्या फिल्मवर धुकं चढतं, सगळं करडं होतं. त्याला आवर घालायला डेव्हलपरमध्ये थोडं पोटॅशियम ब्रोमाइड घातलं. आधी परीक्षा घेतली. रोलचं बाहेर आलेलं टोक उजेड लागून गेलेलंच असतं, ते कापलं. एक तुकडा डेव्हलपरमध्ये टाकला, काळा झाला. म्हंजे डेव्हलपर जिवंत आहे. एक तुकडा हायपोत टाकला आणि किती वेळात पारदर्शक होतो ते मोजलं. त्याच्या दुप्पट वेळ रोल हायपोत ठेवायचा. मालक हे सगळं अंदाजानं करायचा. मी मोजून केलं.

२०२० च्या जानेवारीतली रात्र निवडली, कारण आपल्याकडं उन्हाळ्यात नळाचं पाणी तिशीच्या वर असतं आणि फिल्मचा लेप सैल पडतो. पाणी २० अंशांवर आणलं. डार्करूम नव्हती. दिवे घालवले, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या, मायनं शिवलेल्या दोन गोधड्या डोक्यावरून घेतल्या आणि आत चाचपडत रोल टाकीत चढवला. हात थरथरत होते. गोधडीला अजून तिचा वास होता.

३०० मिलिलिटर पाण्यात ६ मिलिलिटर डेव्हलपर. चौदा मिनिटं. भाची घड्याळ धरून बसली होती. मग साधं पाणी, मग हायपो. झाकण उघडलं. फिल्म धुरकट, करडी. पहिले बरेच फोटो गेलेले. चावडीवरचे म्हातारे नुसत्या सावल्या. पोरं दिसतात, विटी दिसत नाही. आणि मग हापसा. माय. एक हात दांड्यावर, एक हात उन्हासाठी डोळ्यांवर, तोंड उघडं. ओरडतेय. "फिलम वाया जाईल की."

वाया गेली नाही, माय.

छापायला चांगला कागद नव्हता. खिडकीच्या काचेवर पांढरा कागद लावला, उजेडात निगेटिव्ह धरली, मोबाईलनं फोटो घेतला आणि काळ्याचं पांढरं केलं. पहिल्या स्मृतिदिनाला तो भिंतीवर होता. धुरकट आहे. पण डोळे उघडे आहेत.

वापरलेला हायपो मोरीत ओतला नाही. त्यात फिल्मवरची चांदी उतरते, नाल्यातल्या जिवांना ती मारते. पूर्वी स्टुडिओत एक माणूस तो कॅन भरून विकत न्यायचा. पैसे मालक घ्यायचा, कॅन मी उचलायचो. आता मी त्यात भांडी घासायची लोखंडी तार टाकून ठेवतो. चांदी काळ्या गाळासारखी खाली बसते. तो गाळ बरणीत साठवलाय.

हे सगळं इथं प्रमाणासकट का लिहिलं, तर तुमच्याही घरात, काकाच्या ट्रंकेत, आजीच्या उतरंडीत असा एखादा रोल असेल. आपल्या माणसांचे फोटो कमी निघाले. जे निघाले त्यातले न धुतलेले किती असतील कुणास ठाऊक. पुडा बंद झालाय म्हणून ते फेकू नका. कंपनीनं पुडा बंद केला. त्यातलं रसायन मेडिकलमध्ये आहे, किराण्यात आहे, शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. आणि कुठलंही काम शिकताना आधी विचारा, ह्यात आहे काय? सांगणार नसेल तर शोधा. मी विचारलं तेव्हा मला पाणी आणायला पाठवलं, आणि मी गेलो. त्याची किंमत माझ्या हातांनी भरली.

आता वस्तीतली चार पोरं-पोरी रविवारी माझ्याकडं येतात. परवा एक नवी पोरगी आली, सातवीतली. ट्रेकडं धावली आणि हात घालायला लागली. मी तिचा हात धरला. आधी हातमोजे दिले. मग पुडीत काय आहे ते सांगितलं.