पाच रविवार आणि सहावा

बेळगावहून निपाणीला जाताना रस्ता एकंदरीत उताराचा आहे, हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळलं. माहेर निपाणीचं, सासर बेळगावचं, वीस वर्षं या रस्त्यानं येणं-जाणं. पण ते सगळं बसमधून. खिडकीशी बसून पेंगणाऱ्याला चढ-उतार कुठला कळायला? त्याला स्टेअरिंग हातात असावं लागतं.

बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंचावर. काकती, होनगा, भुतरामहट्टी मागं टाकून वंटमुरीचा घाट उतरलो की यमकनमर्डी-हत्तरगीचा मोकळा मुलूख लागतो. मग हिरण्यकेशीकाठचं संकेश्वर, पुढं कणगला आणि शेवटी तवंदीचा घाट. स्तवनिधीच्या जैन क्षेत्रामुळं नाव झालेला हा घाट उतरला की समोर निपाणी. असं पंचाहत्तर किलोमीटर. म्हणजे माहेरी जाताना दोन्ही घाट उताराचे आणि परत येताना दोन्ही चढाचे. माहेरवाशिणीच्या मनाचाही हिशेब असाच असतो म्हणा!

ही गोष्ट २०१० सालची. आम्ही गाडी घ्यायची ठरवली ते वर्ष. नवी घेण्याची ऐपत नव्हती. माझी शाळेतली नोकरी, यांची बँकेतली, मुलगा नववीत. घराचे हप्ते चालू होते. पण जुनी, चांगल्या हातातली मिळाली तर घेऊ, असं चाललं होतं. आणि एकाच महिन्यात दोन चालून आल्या. दोन्ही होंडा सिटी, दोन्ही २००६ सालच्या, रंगसुद्धा जवळपास सारखा चंदेरी. एक बेळगावातल्या एका डॉक्टरांची, केए-२२ नंबरची. दुसरी कोल्हापुरातल्या यांच्या मित्राची, एमएच-०९.

दिसायला जुळ्या बहिणी, पण स्वभाव निराळे. सिटीच्या त्या पिढीत कंपनीनं दीड लिटरची दोन इंजिनं दिली होती. डॉक्टरांच्या गाडीत आय-डीएसआय, म्हणजे काटकसरीचं. कोल्हापूरच्या गाडीत व्हीटेक, म्हणजे जोरकस. एकाची ताकद ७७ अश्वशक्ती, दुसऱ्याची १००. काटकसरीच्या इंजिनात दर सिलिंडरला दोन-दोन, असे एकूण आठ स्पार्क प्लग असतात. दोन ठिकाणी ठिणगी पडते म्हणून थोडं पेट्रोलही नीट जळून जातं. व्हीटेकमध्ये प्लग चारच, पण झडपा दुप्पट, आठाच्या जागी सोळा. इंजिनाचा वेग वाढला की त्या झडपांचं उघडणं बदलतं आणि गाडी एकदम मोकळा श्वास घेते. हे सगळं मला आमच्या मेकॅनिकनं बॉनेट उघडून, बोटानं दाखवून समजावलं. मी विज्ञान शिकवते. पण चार सिलिंडरच्या गाडीला आठ प्लग, हे माझ्या मुलांना सांगितलं तेव्हा त्यांच्याइतकीच मीही थक्क होते.

यांचा जीव व्हीटेकवर बसला होता. आणि त्याला कारणही या रस्त्याचंच. पुणे-बंगळूर हमरस्ता, तेव्हाचा चार नंबर आणि आताचा ४८, सुवर्ण चतुष्कोन योजनेत चौपदरी झाला आणि आमच्या भागातल्या माणसांना वेगाची चव लागली. त्याआधी निपाणीला जायचं म्हणजे उसाच्या ट्रॅक्टरमागून रांगत जायचं. चौपदरी झाल्यावर मात्र ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच, "तासाभरात निपाणी!" जणू निपाणीत कुणी घड्याळ लावून बसलं होतं.

मी मात्र काटकसरीच्या बाजूची. आम्ही भांडलो नाही, पण आठवडाभर जेवताना तोच विषय. शेवटी ठरलं, दोन्ही गाड्या या रस्त्यावर चालवून बघायच्या.

पहिल्या रविवारी डॉक्टरांची गाडी मागून घेतली. कुंद्याचा पुडा मागच्या सीटवर ठेवला आणि निघालो. जाताना चालवायला मीच. गाडी इतकी सरळ, इतकी शहाणी, की वंटमुरीचा घाट कधी उतरले कळलंच नाही. संकेश्वरला थांबून लाल मिरची घेतली. आईकडं जेवलो आणि मुक्कामाला राहिले मी. हे गाडी घेऊन एकटेच परतले, सोमवारी पहाटे बँकेची वेळ गाठायला.

दुसऱ्या रविवारी उलटं. बसनं कोल्हापूर गाठलं आणि मित्राची व्हीटेक घेऊन निघालो. कागल, कोगनोळी, मग निपाणी. आईला अर्धा तास भेटलो आणि बेळगावकडं निघालो. तवंदीचा चढ लागला. यांनी तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि काय सांगू, पाठीला कुणीतरी हात लावून वर ढकलावं तशी गाडी उसळली. साखरेची पोती भरलेले ट्रक एकामागून एक मागं पडले. हे लहान मुलासारखे हसत होते. खरं सांगते, मलाही मजा आली. घरी आल्यावर मी म्हटलं, "घ्या तुमची व्हीटेक."

पण हे बँकेतले. हिशेब पक्का लागतो. रात्री तेच म्हणाले, "अगं, ही तुलना बरोबर नाही. तू पहिली चालवलीस ती उतारावर, मी दुसरी चालवली ती चढावर. आणि दोन्ही वेळा गाडी रिकामी." म्हणून तिसरा रविवार.

या वेळी डॉक्टरांचीच गाडी, पण येताना भरलेली. आम्ही तिघं, बेळगावला आठ दिवस राहायला निघालेली आई, तिची वळकटी, तांदळाचं पोतं आणि गुळाची ढेप. तवंदीवर गाडी खरंच दमली. तिसऱ्यात नेऊनही वेग वाढेना. मागून ट्रकवाला भोंगा वाजवायला लागला. यांनी माझ्याकडं बघितलं, "बघ." मी गप्प. मागून आई म्हणाली, "वर चाललीय न्हवं? मग झालं की. घाटात कोण शर्यत लावतंय?"

एक मात्र लक्षात आलं. ट्रकच्या मागं अडकून सावकाश चढताना ही गाडी कुरकुरत नव्हती. कमी वेगातली ओढ तिच्याकडं पुरेशी होती. व्हीटेकचा जोर वाटायला इंजिन फिरवावं लागायचं, आणि फिरवलं की पेट्रोलचा काटा पळायचा. टाकी भरून मोजलं तेव्हा आमच्या हातात व्हीटेकनं लिटरला तेरा दिले, आय-डीएसआयनं सोळा.

त्या रात्री जेवण झाल्यावर हे कागद घेऊन बसले. निपाणीची जाऊन-येऊन फेरी दीडशे किलोमीटरची. एकीला साडेअकरा लिटर, दुसरीला साडेनऊ. फेरीमागं फरक दोन लिटरचा. त्याच वर्षी जूनमध्ये केंद्र सरकारनं पेट्रोलचे दर ठरवणं तेल कंपन्यांवर सोपवलं होतं, त्यामुळं पुढं काय होईल याचा भरवसा नव्हता. शिवाय एमएच नंबरची गाडी घ्यायची तर कोल्हापूरच्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र, इथला आजीवन कर, नवा नंबर, ही यातायात निराळी. सीमाभागात नंबरप्लेट ही नुसती प्लेट नसते. प्रश्न पेटला की सगळ्यात आधी एसटी आणि इकडच्या बस थांबतात, आणि मग रस्त्यावर माणसं तुमच्या तोंडाआधी तुमचा नंबर वाचतात. तिकडं केए, इकडं एमएच. दोन्हीकडं आपणच असतो, हे कुणाला सांगणार?

"दोन लिटरसाठी एवढं काय?" हे म्हणाले. "फेरीमागं शंभर-सव्वाशे रुपये."

आई कोपऱ्यात वाती वळत बसली होती. चौथीपर्यंत शिकलेली, पण बाबा तंबाखूच्या वखारीत दिवाणजी, त्यामुळं तोंडी हिशेब तिचा आमच्यापेक्षा पक्का. ती म्हणाली, "एका फेरीला दोन लिटर वाचतंय म्हणता. म्हणजे पाच रईवार आलासा की सहावा फुकट."

खोली शांत झाली. दोन लिटर गुणिले पाच, दहा. आणि फेरीला लागतात साडेनऊ. आम्ही दोघं पदवीधर, कागद-पेन घेऊन रुपये मोजत होतो. तिनं रविवार मोजले.

मग हे हळूच बोलले, आणि तेव्हा मला कळलं की व्हीटेकचा हट्ट हा हौसेचा नव्हताच. म्हणाले, "बाबांच्या रात्री मला वेगाची गाडी हवी होती."

बाबा २००८ च्या आषाढात गेले. रात्री साडेअकराला शेजाऱ्यांचा फोन आला, छातीत दुखतंय म्हणून. शेजारी एकांची गाडी मागून, पेट्रोल भरून आम्ही निघेपर्यंत एक वाजला. पाऊस असा की वंटमुरीत पुढचं दिसत नव्हतं. तवंदी उतरताना पुन्हा फोन वाजला, आणि तो कशाचा होता हे आम्हाला उचलण्याआधीच कळलं. दोन वर्षं हे मनात तेवढाच रस्ता पुन्हा-पुन्हा जोरात चालवत होते.

मी त्या रात्रीचा हिशेब कधीच मांडला नव्हता. त्या रात्री मांडला. पावसात, अंधारात शंभर अश्वशक्ती असती तर दहा मिनिटं वाचली असती, कदाचित तीही नाही. दीड तास गेला तो दारात गाडी नव्हती म्हणून. आणि त्याहून जास्त बोचणारं म्हणजे, त्याआधीचे चार रविवार मी गेलेच नव्हते. परीक्षेचे पेपर, पाऊस, बसची गर्दी, "पुढच्या आठवड्यात जाऊ". बाबांनी फोनवर दोनदा विचारलं होतं, "कवा येतीस?" तवंदीवर मी चुकले ती काही मिनिटांनी नव्हे; मी चार रविवारांनी चुकले होते.

आम्ही डॉक्टरांची गाडी घेतली.

गाडीच्या कप्प्यात एक शंभर पानी वही ठेवली. तारीख, किलोमीटर, पेट्रोल. मी गाडी चालवायला सरावले आणि एकटी जायला लागले. रस्त्याशी मैत्री झाली. हंगामात निपाणीजवळ आलं की काच खाली केल्याबरोबर येणारा तंबाखूचा उग्र वास, सीमेच्या अलीकडच्या पंपांवर टाकी भरून महाराष्ट्रात शिरणारी वाहनं, निपाणीला अगदी खेटून असूनही अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रात असलेलं देवचंद कॉलेज. मी त्याच कॉलेजात शिकले. रोज चालत परराज्यात जात होते म्हणायचं! १९८१ साली तंबाखूला भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी याच हमरस्त्यावर ठाण मांडून बसले आणि पोलिसांच्या गोळीबारात त्यांतले काही बळी पडले. गाडीत शेजारी बसून आई ती जागा दाखवायची, आणि त्या दिवसांत वखारीची कवाडं कशी बंद होती ते सांगायची. बसमध्ये ती असं कधी बोलली नव्हती. बसमध्ये माणसं असतात, गाडीत आपण दोघीच.

आई २०१९ साली गेली. बोलत-बोलत, दुपारची, रविवारी. मी तिथं होते.

गाडी अजून आहे. पंधरा वर्षं झाली तेव्हा, २०२१ मध्ये, पुन्हा नोंदणी करून घेतली. परवा मुलाचा पुण्याहून फोन आला. तो आता स्वतःची गाडी बघतोय. फोक्सवॅगन व्हर्टसमध्ये त्याचा जीव अडकलाय. तिथंही तेच दोन स्वभाव. एक लिटरचं इंजिन ११५ अश्वशक्तीचं, दीड लिटरचं १५० चं. म्हणाला, "आई, आता तुझ्या वेळेसारखं राहिलं नाही. मोठ्या इंजिनावर भार कमी असला की चारातले दोन सिलिंडर आपोआप बंद होतात. कागदावर मायलेजमध्ये मोठा फरकच नाही."

तंत्र सुधारलं, हे खरंच. पण म्हटलं, बाळा, कागद रिकाम्या गाडीचा असतो. दोन्ही गाड्या चार माणसं आणि सामान भरून चढावर चालवून बघ. टाकी भरून स्वतः मोज. किमतीत फरक लाखांचा आहे, आणि कर किमतीवर टक्क्यानं बसतो, म्हणजे तोही वाढतो. विमाही आलाच. आणि शेवटी मला एवढंच सांग, त्या गाडीनं तू वर्षातून कितीदा बेळगावला येशील?

तो हसला. "काढतो हिशेब," म्हणाला. जोरकस घेतली तरी माझं काही म्हणणं नाही. घाटात ती मजा मीही अनुभवलीय. फक्त तिच्या हप्त्यापायी रविवार कमी होऊ नयेत.

फोन ठेवला आणि कप्प्यातली वही काढली. शाई पुसट झालीय. निपाणीच्या ३४८ नोंदी आहेत. नऊ वर्षांच्या. आईच्या हिशेबानं त्यातल्या ५८ फुकटच्या.