जॅकला उभे राहायला जागा

गाडी विकत घ्यायला निघालेला माणूस रंग पाहतो, बैठक पाहतो, दार दोनदा उघडून लावून त्याचा आवाज ऐकतो आणि डिझेल किती पिते याची चौकशी करतो. मागच्या बाकाखाली तेलकट फडक्यात गुंडाळून ठेवलेला जॅक मात्र कोणी बाहेर काढून पाहत नाही. लग्नाच्या मांडवात झालरी सर्वांच्या डोळ्यांत भरतात. मेढी कोणी पाहत नाही. जॅकचे नशीब मेढीचे आहे. त्याची आठवण व्हायची ती अवेळी, पावसात, रस्त्याच्या कडेला; आणि त्या वेळी त्याला नावे ठेवून काहीच साधत नाही.

पुणे-नाशिक हमरस्त्याने जाणाऱ्याला मंचर म्हणजे बाजारपेठेचे एक गजबजलेले गाव एवढेच ठाऊक असते. त्याचे चाक बसलेच, तर हाकेच्या अंतरावर पंक्चरवाला असतो. पण आम्हां मंचरकरांची कामे हमरस्त्यावर थोडीच असतात! पश्चिमेला घोडेगाव, डिंभे ओलांडून भीमाशंकराच्या वाटेला लागले, किंवा पेठेच्या बाजूने सातगाव पठारावर बटाट्याच्या शेतात उतरले, की डांबर संपते आणि माती सुरू होते. तेथे गाडी चालवणे म्हणजे मातीशी बोलणी करणे आहे. माती कधी ऐकते, कधी ऐकत नाही.

आमच्याकडे जुनी जीप आहे. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी जन्माला आलेली आणि स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच मुंबईच्या माझगावात जोडली जाऊ लागलेली ही जात. तिच्या अंगावर नाजूक असे काही नाही. जाड अ‍ॅक्सल, त्यावर लोखंडी पाटे, त्यावर सांगाडा. चारही चाके ओढतात, म्हणून जेथे बैल थबकतो तेथेही ती जाते. पण आधीच्या मालकाने तिच्याबरोबर जो जॅक दिला होता तो कुठल्याशा छोट्या मोटारीचा कैची जॅक होता. पैलवानाला पोराची चप्पल द्यावी तसा तो प्रकार.

हा कैची जॅक दिसायला मोठा सालस. पेच फिरवला की त्याचे चारही हात हळूहळू सरळ होतात आणि गाडी वर येते. सपाट डांबरावर, हलक्या मोटारीखाली त्याच्याइतका गुणी कोणी नाही. परंतु त्याचे पाऊल जेमतेम तळहाताएवढे. तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणात सातगाव पठारावर आमच्या जीपचे पुढचे डावे चाक बसले. मागे बटाट्याची पोती होती. पुतण्याने जॅक लावला आणि पेच फिरवायला सुरुवात केली. दांडा फिरत होता, जॅक उंच होत होता. गाडी मात्र होती तेथेच होती. जॅक गाडीला वर ढकलण्याऐवजी स्वतःच जमिनीत शिरत होता! चिखलात चार बोटे रुतून एका कुशीला कललेल्या त्या जॅकने अखेर मान टाकली, आणि जीप अर्धा हात बाजूला सरकून खाली बसली. चाकाचे नट अजून काढायचे होते, म्हणून भार चाकाने झेलला. पाच मिनिटे उशिरा हे घडते, तर चाक बाहेर असते आणि पुतण्याचा हात आत असता. आम्ही दोघेही काही बोललो नाही. पोती उतरवली, लाकडे आणली, रात्री नऊ वाजता घरी आलो. जेवताना पुतण्या उजव्या हाताकडे मधूनमधून पाहत होता, हे मी पाहिले.

त्यानंतर मी जॅकच्या शोधात निघालो. बाजारात जॅकच्या मुख्यतः तीन जाती भेटतात. पहिली कैचीची, तिची कथा सांगितलीच. दुसरी जात उंच जॅकची. सव्वा-दीड मीटरची भोके पाडलेली लोखंडी पट्टी, आणि दांडा हलवला की एकेक भोक पकडत तिच्यावर चढणारा एक लोखंडी पंजा. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून हा वापरला. कुंपणाचे खांब उपटायला, गाड्या ओढायला. दिसायला मोठा रुबाबदार! डोंगरात हौसेने गाड्या नेणारी मंडळी तो जीपच्या पाठीवर ध्वजासारखा मिरवतात. पण त्याचा स्वभाव तापट. भार असताना दांडा हातातून निसटला तर तो उसळून वर येतो आणि समोरच्याचा जबडा फोडू शकतो. शिवाय तो गाडीला बंपरापासून उचलतो. जुन्या गाडीचे पाटे सैल होऊन खाली लोंबतात, त्यामुळे सांगाडा हातभर वर गेला तरी चाक जमिनीला चिकटलेलेच राहते. नव्या गाड्यांच्या प्लास्टिकच्या बंपराला तर तो पकडणार तरी कोठे? घरात पोरेबाळे असताना असला तापट पाहुणा मला नको होता.

तिसरी जात बाटली जॅकची. आणि मन बसले ते हिच्यावर. बाटलीएवढे लोखंडी भांडे, आत तेल. बाजूच्या बारीक दट्ट्याला दांड्याने दाबले की मधला जाड दट्ट्या वर सरकतो. कोंडलेल्या द्रवावरचा दाब सर्व दिशांना सारखा पोहोचतो, हे पास्कलने सतराव्या शतकात दाखवले. आणि 1795 साली इंग्लंडात जोसेफ ब्रामा याने त्यावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. हिशेब सोपा आहे. बारीक दट्ट्याचा व्यास एक सेंटिमीटर आणि जाड्याचा तीन असेल, तर क्षेत्रफळ नऊपट होते, म्हणून जोरही नऊपट. दांड्याची तरफ पंधरापट धरली तर एकूण एकशे पस्तीसपट. हाताने चार किलोंचा जोर लावला की वर पाचशे किलो हलतात. मात्र निसर्ग फुकट काही देत नाही. जोर जितका वाढतो तितके अंतर घटते; दांडा हातभर खाली यावा तेव्हा गाडी दोन-तीन मिलिमीटर वर जाते. ज्याला घाई आहे त्याने बाटली जॅकच्या वाटेला जाऊ नये.

दुकानदार लोक 'किती टनी देऊ?' एवढेच विचारतात. टनांचा प्रश्न खरे तर सर्वांत सोपा आहे. आमची जीप माणसे आणि पोती धरून दोन टनांच्या आत; एका चाकावर त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे पाचशे किलो. उतार आणि तिरपा भार लक्षात घेऊन मी तीन टनी घेतला आणि तो विषय तेथेच संपला. विचारायचा प्रश्न दुसराच असतो: मिटलेला जॅक किती उंच? आमच्या अ‍ॅक्सलखाली, चाकात हवा असताना, एकवीस-बावीस सेंटिमीटर जागा सापडते. लोक घरी अंगणात जॅक घालून पाहतात आणि खूश होतात. परंतु जॅक लागतो तो चाक बसल्यावर! हवा गेली की अ‍ॅक्सल सहा-सात सेंटिमीटर खाली येतो, आणि अंगणात थाटात मावलेला जॅक रानात आत शिरत नाही. म्हणून मोजायचे ते चाकातली हवा सोडून. मी तसेच मोजले. शेजाऱ्यांना वाटले, याला वेड लागले.

राहिला प्रश्न रुतण्याचा. तो घेऊन मी मंचरातल्या एका वेल्डिंगच्या दुकानात गेलो. तेथले आबा साठी उलटलेले. नांगराच्या फाळापासून ट्रॉलीच्या हुकापर्यंत सर्व काही त्यांच्या हातून गेलेले. त्यांनी नवा जॅक हातात फिरवून पाहिला.

"याहून भारी मिळतो का आबा, पाच टनी, दहा टनी?" मी विचारले.

"दादा, जॅकला काय धाड भरलीय? तो बिचारा उचलायला तयारच हाये. त्याला उभं राहायला जागा द्या की!"

मी चमकलो. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ग्रीक आर्किमिडीजने, उभे राहायला जागा मिळाली तर पृथ्वीसुद्धा हलवून दाखवीन, अशी बढाई मारली होती असे सांगतात. आपण सारे त्यातली तरफ लक्षात ठेवतो. त्याने मागितली होती ती जागा, हे आबांनी शाळेत न जाता ओळखले होते.

मग आम्ही कागदावर हिशेब मांडला. जॅकचे बूड सुमारे एकशे वीस चौरस सेंटिमीटर. त्यावर पाचशे किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला चार किलोंहून जास्त. चाक जमिनीवर टेकते ते साधारण दोन किलोंच्या दाबाने. आणि दोन किलोंनी जेथे चाक रुतले तेथे चार किलोंचा जॅक रुतणार नाही तर काय? आबांनी बाभळीची चार सेंटिमीटर जाडीची, पस्तीस बाय पस्तीस सेंटिमीटरची फळी काढली. बैलगाडीच्या चाकाला पिढ्यानपिढ्या लागत आलेले हे लाकूड. पाण्याला आणि माराला दाद देत नाही. तिच्यावर लोखंडी पत्रा ठोकला आणि जॅकचे बूड नेमके बसेल असे चौकोनी कोंदण पत्र्यावर जोडले. आता तेच पाचशे किलो बाराशे चौरस सेंटिमीटरांवर पसरले. दर सेंटिमीटरला अर्धा किलोही नाही. साठ किलोचा माणूस एका पायावर उभा राहिला की त्याच्या तळव्याखाली जवळपास एवढाच भार येतो. म्हणजे जेथे माणूस पायी चालू शकतो, तेथे हा जॅक उभा राहू शकतो!

वरच्या टोकालाही काम होते. जॅकचे डोके सपाट आणि अ‍ॅक्सल गोल. दोघांची गाठ घसरणीचीच. आबांनी जाड पाइप उभा चिरून अर्धगोल खोबण केली आणि टोपीसारखी जॅकच्या डोक्यावर बसवली. वेल्डिंग टोपीला केले, जॅकला नाही. कारण आगीने आतली रबरी सील जळतात आणि तेल गळू लागते. "डोक्यावर पागोटं घालावं, डोकं जाळू नये," आबा म्हणाले.

फळीने एक नवी अडचण केली, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आले असेल. आधीच कमी असलेल्या जागेतली चार सेंटिमीटर तिनेच खाल्ली. पण यावर मातीनेच उत्तर दिले. माती मऊ असेल तर खुरप्याने वीतभर उकरून फळी खड्ड्यात बसवता येते. आणि माती खणता येणार नाही इतकी कठीण असेल, तर फळीची गरजच नसते. खडकाळ जागी बसलेले चाक लाकडी पाचरीवर हळूच चढवायचे; अ‍ॅक्सल आपोआप वर येतो.

आंबेगाव तालुक्यातल्या माणसाला पायाखालच्या जमिनीविषयी सांगावे लागत नाही. 30 जुलै 2014 च्या सकाळी पावसात डोंगर खचला आणि माळीण गाव त्याखाली गेले. सुमारे दीडशे माणसे दगावली. मदतीला आलेल्या माणसांपुढे आणि यंत्रांपुढे पाऊस आणि चिखल हाच अडथळा होता. त्या बाजूला जाताना आजही आमच्याकडची जुनी माणसे गाडी उभी करण्याआधी खाली उतरून पायाने जमीन दाबून पाहतात. मला त्यात भीती दिसत नाही, रीत दिसते.

आमच्या घरीही आता एक रीत पडली आहे. मागच्या चाकांना पुढून-मागून दगडाची उटी लावल्याशिवाय जॅकला हात लावायचा नाही. गाडी वर आली की स्टेपनीचे चाक सांगाड्याखाली आडवे सारायचे, आणि मगच नट काढायचे. जॅक निसटलाच तर गाडी चाकावर बसेल, माणसावर बसणार नाही. जॅकचे काम उचलण्याचे आहे, धरून ठेवण्याचे नाही; धरून ठेवायला खाली काहीतरी मुकाट्याने पडून राहणारे लागते.

गेल्या वर्षी या सगळ्याची परीक्षा झाली. रात्री शेतावरून परतताना उसाच्या दोन फडांमधल्या पाणंदीत मागचे चाक बसले. हा सारा मुलूख जुन्नर वनविभागातला. बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्र काढावे लागले असा. अंधारात उसाकडे पाठ करून, खाली वाकून बसायचे नाही, हे येथे लहान पोरही जाणते. आणि जॅक लावायचा तर वाकावेच लागते. मी बॅटरी घेऊन मोठ्याने बोलत उभा राहिलो. पुतण्याने उटी लावली, माती उकरली, फळी बसवली, जॅक ठेवला, दांडा चालवला. जीप तसूभरही न कलता वर आली. दहा मिनिटांत आम्ही निघालो. उसात काही होते की नव्हते, देव जाणे. एवढे खरे, की पुतण्या त्या दहा मिनिटांत एकदाही हाताकडे पाहत नव्हता.

परवा खंडेनवमीला अवजारे धुऊन ओसरीवर मांडली. कोयता, खुरपी, पाने, पहार, जॅक. आईने ओळीने सर्वांना हळदकुंकू लावले आणि शेवटी इकडेतिकडे पाहू लागली.

"काय राहिलं, आई?"

"ती फळी कुठंय रे? तिला आण आधी."

फळी अजून जीपमध्येच होती, मागच्या पावसाचा चिखल अंगावर घेऊन. पुतण्या धावत गेला, आणि आणण्यापूर्वी त्याने ती नळाखाली धरली.