घरघर

जॉन डार्निएल या अमेरिकन गीतकाराचा 'ऑल हेल वेस्ट टेक्सस' हा २००२ सालचा गीतसंग्रह एका माजी विद्यार्थ्याने मला ऐकायला दिला. पहिल्याच गाण्यात मी अडखळले. आवाजामागे सतत कसली तरी घरघर चाललेली. मला वाटले, प्रत सदोष असावी.

प्रत सदोष नव्हती. 'द माउंटन गोट्स' या नावाने गाणाऱ्या डार्निएलने ही चौदा गाणी आयोवातील आपल्या घरी पॅनासोनिकच्या एका साध्या टेपरेकॉर्डरवर, थेट कॅसेटवर मुद्रित केली. त्या यंत्राचा मायक्रोफोन यंत्रातच बसवलेला. त्यामुळे ते गायकाबरोबर स्वतःची मोटारही ऐकते आणि इमानाने टिपून ठेवते.

आता या घरघरीला अस्सलपणाचा पुरावा मानण्याचा मोह होतो. तो मला संशयास्पद वाटतो. बोलीतले चार शब्द आले की अनुभव अस्सल, असे विधान उत्तरपत्रिकेत आढळले तर आपण त्याखाली लाल रेघ ओढतो. मग कॅसेटलाच सवलत का? शिवाय या गाण्यांतला 'मी' म्हणजे डार्निएल नव्हेच. ती कल्पित माणसे आहेत, आणि त्यांचे बोलणे पुरेसे घडवलेले आहे. (पुढे हा गृहस्थ कादंबरीकारही झाला, याचे नवल वाटत नाही.) साधन कच्चे असले म्हणजे रचना कच्ची असतेच असे नाही. ओहायोतील डेटनचा रॉबर्ट पोलार्ड हा तर शाळामास्तर. त्याच्या 'गायडेड बाय व्हॉइसेस'चा 'बी थाउजंड' (१९९४) हाही असाच घरगुती यंत्रांवर मुद्रित झालेला.

इतके सारे समजूनही मी ती घरघर तटस्थपणे ऐकू शकत नाही, याचे कारण वेगळे आहे.

आईने म्हटलेल्या ओव्यांची एक कॅसेट आमच्याकडे होती. मी शाळेत असताना स्वयंपाकघरातच टेप ठेवून भरलेली. तीत स्टोव्हचा फरफर आवाज होता, भांडी होती, आणि मध्येच माझा प्रश्न होता, "आई, संपलं का?" ती गेल्यानंतर मी ती कॅसेट संगणकावर उतरवून घ्यायला दिली आणि 'मागचे आवाज काढून टाका' असे बजावले. पाठचिकित्सा शिकवणाऱ्या बाईने हे सांगावे! काम चोख झाले. स्टोव्ह गेला, मी गेले. आईचा आवाज उरला, पण नळातून आल्यासारखा, कुठल्याच घरात नसलेला. 'मूळ कॅसेट नेणार का?' असे दुकानदाराने विचारले होते. मी नको म्हटले.

डार्निएलची गाणी हल्ली मी रात्री लावते. शेवटचा सूर विरतो आणि यंत्र बंद होण्यापूर्वी ती घरघर क्षणभर एकटीच उरते. तेवढ्यापुरता मी आवाज वाढवते.