चार इंचांची जीप

आमच्या ब्रह्मपुरीकडे तान्हा पोळ्याला मुले चाकांचे लाकडी नंदी सजवून मिरवतात. त्या नंदीचे वशिंड आणि शिंगे खऱ्या बैलाच्या मानाने मोठी असतात. कारागिराला जे पूज्य वाटते, ते तो वाढवून घडवतो. मोटारीची प्रतिकृती करणाऱ्याला मात्र ही मुभा नाही. त्याला प्रत्येक अंग एकाच प्रमाणात लहान करावे लागते.

अमेरिकन मोटार म्हटली की शौकिनांच्या डोळ्यांपुढे उंच शेपटपंखांची १९५९ ची कॅडिलॅक उभी राहते. त्या देशात एएमटी कंपनीने १९५८ मध्ये १:२५ प्रमाणातील प्लॅस्टिकचे सुटे भाग विक्रीस आणले आणि घरोघरी मुले मोटारी जोडू लागली. आपल्याकडेही मुंबईत शिवडीला १९२८ पासून शेव्हरोले आणि कुर्ल्याला १९४७ पासून डॉज गाड्यांची जुळणी होत असे. परंतु झाडीपट्टीच्या जंगलवाटांवर त्या आलिशान गाड्यांचे काय काम? येथे अमेरिकेची खरी ओळख पटली ती विलीज जीपमुळे. महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत तिची जुळणी सुरू केली.

माझे वडील एका लाकूड ठेकेदाराची अशीच जीप चालवीत. वैनगंगेपलीकडे आरमोरी, वडसा आणि त्याही पुढची अरण्ये त्यांनी तिच्यातून पाहिली. पुढे जीप भंगारात गेली आणि कालांतराने काचबिंदूने वडिलांची दृष्टीही नेली. ते फारसे बोलेनासे झाले. तेव्हा मी जीप घडवण्यास बसलो.

खऱ्या जीपच्या पुढल्या व मागल्या आसांतील अंतर ८० इंच. १:२० प्रमाण धरले की ते बरोबर ४ इंच होते. शिवणीचे लाकूड, पटाशी, कानस, पॉलिश पेपर आणि जुन्या चपलेच्या तळव्यातून कापलेली चाके, एवढेच साहित्य. पुढच्या जाळीत सात उभ्या फटी कोरल्या. पुढली काच बोनेटवर आडवी पाडता येईल अशी बसवली. बोनेटवर मात्र सर्वाधिक दिवस गेले. १९५३ मध्ये आलेल्या सीजे-थ्रीबी जीपच्या इंजिनात हवा आत घेणाऱ्या झडपा वरच्या भागात होत्या. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि बोनेटही वर उचलावे लागले. युद्धकाळातील जीपहून ती वेगळी दिसते ती यामुळेच.

वडिलांच्या हाती ती दिली. त्यांची बोटे जाळीवरून सावकाश फिरली, फटी मोजल्या, बोनेटशी थांबली.

"ही उंच बोनेटची. आपलीच," ते म्हणाले.

डोळसाला रंग भुलवू शकतो. बोटांना केवळ प्रमाण कळते. नंदीप्रमाणे मी प्रेमापोटी एखादे अंग वाढवले असते, तर त्या बोटांना ती परकी वाटली असती. स्मरणही असेच असावे. माणूस लहान होऊन मनात उरतो, पण त्याचे प्रमाण बिघडू देऊ नये.

त्या संध्याकाळी वडील पुष्कळ बोलले. पावसाळी नाल्यांविषयी, चढणीवर चारही चाकांना ओढ देण्याविषयी. शेवटी त्यांनी विचारले, "स्टिअरिंग फिरते का रे?"

ते फिरत नव्हते. आता मी त्याच कामाला लागलो आहे.