निखारा कुठून आणायचा?

धूप घालायला आधी निखारा लागतो. घरात चूल होती तोवर ही गोष्ट कुणाला सांगावी लागली नाही. रोह्याला, अष्टमीतल्या माझ्या आजोळी, दिवेलागणीला आजी चिमट्याने चुलीतले निखारे ओढायची, पितळी धुपाटण्यात राखेवर ठेवायची आणि वर उदाची चिमूट सोडायची. भात उतरलेला असायचा, भाकऱ्या व्हायच्या असायच्या. त्या मधल्या वेळातलं हे काम. देवासाठी वेगळा विस्तव करायची पद्धत नव्हती. ज्या विस्तवावर आमचं रांधणं व्हायचं, त्यातलाच वाटा देवाला जायचा. धुपाटणं आधी देव्हाऱ्यापुढे, मग तुळशीपुढे, मग माजघर, बाळंतिणीची खोली आणि शेवटी गोठा असं फिरायचं. गोठ्यात आजी जरा जास्त रेंगाळायची, कारण तिथे डास जास्त. देव प्रसन्न होणं आणि डास पळणं यांचा हिशेब तिने कधी वेगळा मांडला नाही. धुराबद्दल आपल्याकडे जे काही अध्यात्म आहे ते मला तिथेच, देव्हारा आणि गोठा यांच्या मधे कुठेतरी दिसतं.

आता मी पेणला राहते, इमारतीत, गॅसवर. तेलाचा दिवा आहे, काडेपेटी आहे, निखारा मात्र नाही. आणि निखारा नाही म्हटल्यावर धुपाची पुडी फडताळात नुसती चिकट होत जाते.

ती पुडी उघडून बघावी, निम्मा नकाशा निघतो. गुग्गुळ कच्छ-राजस्थानकडच्या रखरखीत मुलखातल्या काटेरी झुडपाचा. सालईचा डिंक सातपुड्याकडच्या कोरड्या डोंगरांतला. राळ सालवृक्षाची. लोबान तर सुमात्रा आणि सयामकडचा, गलबतांतून आलेला. आमच्या पेण-रोह्याच्या मातीतलं त्यात काहीच नाही. याचं फार आश्चर्य वाटायला नको; इथून जवळच चौल आहे, आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतल्या प्रवासपुस्तकात सेमिल्ला नावाने त्याची बंदर म्हणून नोंद आहे. त्याच पुस्तकात सिंधूच्या मुखावरच्या बंदरात समुद्रापलीकडचा सुगंधी डिंक उतरत असल्याचंही लिहिलं आहे. देवाला द्यायचा धूर दुरून, पैसे मोजून आणलेला. घरच्या झाडांचा धूर वेगळ्या कामांचा. अशी ही जुनी विभागणी.

घरच्या झाडांचा धूर रायगडात कमी नाही. होळीच्या आगेमागे पेणच्या पूर्वेकडच्या डोंगरउतारांवर राब भाजायला सुरुवात होते. भाताचं रोप जिथे करायचं त्या तुकड्यावर शेण, पाला, काटक्या, गवत आणि वर माती असे थर देऊन ते सावकाश धुमसवायचे. तण आणि कीड जाते, मातीला राख मिळते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला, हा जिल्हा कुलाबा होता तेव्हा, राबासाठी झाडांचा पाला तोडायचा हक्क हा शेतकरी आणि वनखातं यांच्यातल्या भांडणाचा मोठा विषय होता. साहेबाला त्यात जंगलाची नासाडी दिसत होती, कुणब्याला पुढच्या वर्षाचा भात. राबाच्या धुराला कुणी पवित्र म्हणत नाही. पण वैशाखात खिडकी उघडली आणि तो वास आला की पेणमधल्या माणसाला, त्याचं शेत असो वा नसो, पाऊस आठवतो. देवघरातल्या कितीतरी धुरांना एवढं जमत नाही.

कातकऱ्यांचा धूर आणखी निराळा. उंदराच्या बिळाशी पाला पेटवून धूर आत कोंडायचा, मधाच्या पोळ्याशी धुरी धरायची. हे कसब त्यांच्याकडचं. आणि कोळसा पाडणंही त्यांच्याचकडचं. इथल्या वाड्यांवरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या कोळशाच्या भट्ट्यांवर राबली. दिवाळीनंतर वाडी ओस पडायची. पुढे कोळशाची जागा वीटभट्ट्यांनी घेतली, वाडी ओस पडायची ती पडतेच. शहरांतल्या शेगड्यांना निखारा पुरवणारी ही माणसं. देवळांच्या धुपारतीत त्यांच्या भट्टीतला कोळसा जळला, पण त्यासाठी त्यांची आठवण काढल्याचं मी कुठे ऐकलेलं नाही.

हल्ली अलिबाग-मुरूडकडच्या फार्महाऊसांतून आणि मुंबईच्या पाहुण्यांच्या सामानातून एक नवी वस्तू दिसते: करड्या पाल्याची दोऱ्याने आवळलेली जुडी, स्मज स्टिक. टोक पेटवायचं, ज्योत फुंकायची, धुमसती जुडी खोलीभर फिरवायची. घरातली नकारात्मक ऊर्जा जाते म्हणतात. (ही ऊर्जा आमच्या लहानपणी घरात नव्हती. दृष्ट होती, बाहेरचं होतं, पितर होते. पण त्यांना नावं होती, नात्यागोत्याचे संबंध होते.) जुडीतलं झाड पांढरा सेज. दक्षिण कॅलिफोर्निया आणि त्याला लागून असलेल्या मेक्सिकोच्या पट्ट्यात ते रानात वाढतं आणि तिथल्या आदिवासींना पवित्र आहे. अमेरिकेत मूळच्या जमातींच्या धर्माचरणाला संरक्षण देणारा कायदा 1978 साली झाला. आता त्यांच्या झाडाची रानातून चोरटी तोड होते आणि जुड्या जगभर विकल्या जातात. नाक मुरडायचा अधिकार मात्र आपल्याला फारसा नाही. आपला गुग्गुळ डिंकासाठी इतका ओरबाडला गेला की जागतिक लाल यादीत त्याची नोंद अतिसंकटग्रस्त अशी आहे. घाईने खोल घाव घातलेलं झुडूप डिंक देता देता वाळून जातं.

तरी त्या जुडीने मला विचारात पाडलं. तिच्यात एक गोष्ट सुटलेली होती जी माझ्या घरात अडून बसली होती. जुडीला निखारा लागत नाही. ती आपला विस्तव आपल्याबरोबर घेऊन येते.

बिनचुलीच्या माणसांनी हा प्रश्न आधीही सोडवलेला आहे म्हणा. उदबत्तीच्या काडीवरचा काळा थर म्हणजे कोळशाची भुकटी, आणि तिला धरून ठेवतं जिगट, मैदालकडीसारख्या झाडाच्या सालीची चिकट पूड. म्हणजे निखारा दळून काडीवर चढवलेला. पण आत बांबू असतो, आणि बांबू तिरडीचा, म्हणून काही घरांत उदबत्ती देवापुढे चालत नाही. बांबू टाळायची युक्ती तर चरकसंहितेच्या सूत्रस्थानातच आहे. औषधं वाटून शराच्या काडीवर लेप द्यायचा. वर्ती जवाच्या आकाराची, अंगठ्याएवढी जाड, आठ अंगुळं लांब करायची. सुकली की आतली काडी ओढून काढायची आणि तूप लावून पेटवायची. ती धूर ओढण्यासाठी होती, देवासाठी नाही. काश्यपसंहितेत मुलांच्या दुखण्यांसाठी धूपकल्प असं प्रकरणच आहे, आणि बाळाच्या टाळूला ओवा, वेखंड, बाळंतशेपा यांची धुरी देणाऱ्या आपल्या बायकांनी ते न वाचता पाळलेलं आहे.

तेव्हा मी जुडी करायला घेतली, इथल्या पाल्याची.

दसरा होईपर्यंत थांबावं लागतं. पावसाळी हवेत पाला वाळत नाही, कुजतो, आणि आतून बुरशी धरलेल्या जुडीचा कुबट वास घरभर होतो. ऑक्टोबरच्या उन्हाने हवा जरा कोरडी केली की पहिली निरगुडी. भोगावतीच्या काठाने, ओढ्यांच्या कडेला ती आपोआप उगवते. पानं वरून हिरवी, खालून पांढुरकी, चुरगळली की कडवट औषधी वास. वीत-दीड वीत लांबीचे शेंडे पुरतात. बाजारात रानभाज्या घेऊन बसणारी एक मावशी मला ते आणून देते आणि निरगुडीचे पैसे घेताना दरवेळी हसते. पाल्याचे पैसे द्यायचे म्हणजे हिला कुणीतरी फसवतंय असं तिच्या चेहऱ्यावर दिसतं. निरगुडीच्या जोडीला परसातला गवती चहा, बांधावरच्या नागरमोथ्याच्या ठेचलेल्या गाठी, वाळ्याची मुळं. चैत्रात देवाला वाहायला येणारा दवणा मी तेव्हाच वाळवून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवते. दवणा आणि अमेरिकेतले लोक धुरासाठी वापरतात तो सेजब्रश एकाच आर्टेमिसिया प्रजातीतले, हे कळलं तेव्हा मला फार बरं वाटलं. कडुनिंब नावाला. जास्त झाला तर डोळे चुरचुरतात आणि देवाऐवजी शेजारी प्रकट होतात.

पाला पूर्ण वाळवून बांधायला घेतला तर हातात चुरा येतो. म्हणून एखादा दिवस सावलीत कोमेजू द्यायचा, लवचीक असतानाच बांधायचा आणि मग जुडी उलटी टांगून वाळवायची. उन्हात नाही, उन्हाने वास उडतो. दोरा सुती हवा. नायलॉन वितळतो आणि त्याचा वास सगळ्याच्या वर बसतो. देठांकडून शेंड्याकडे तिरके वेढे, परत उलटे. खरी अडचण आवळण्यात आहे. वाळताना जुडी आकसते, म्हणून सैल बांधलेली पुढे ढिली पडते आणि पेटवल्यावर भडकते. फार आवळली तर आत हवा शिरत नाही आणि टोक विझतं. धुमसणं हे भडकणं आणि विझणं यांच्या मधलं काम आहे, आणि ते सगळं दोऱ्यावर असतं. मधोमध मी गुग्गुळाची वात ठेवते: गुग्गुळ खलात तुपाच्या थेंबांबरोबर कुटून मऊ करायचा आणि बोटांनी वळायचा. कुटताना हाताला लागलेला वास संध्याकाळच्या भाकरीलाही येतो.

तुळशीवरून मात्र वाद झाला. मंजिऱ्या जुडीत घालाव्यात असं माझं मत. आमच्या एका वयस्कर शेजारीण काकूंनी ऐकून कानाला हात लावले: “अगो, तुळस काय जाळायची वस्तू आहे? तिची काष्ठं जाळतात ती कुठे, ठाऊक आहे ना?” ठाऊक होतं. माळकऱ्याच्या सरणावर. त्यानंतर माझ्या जुडीत तुळस नाही. काकूंच्या म्हणण्यात श्रद्धा किती आणि शिस्त किती हे मी तपासायला गेले नाही. धुरात काय घालायचं यापेक्षा काय घालायचं नाही, यावर घराचा धर्म जास्त कळतो, असं मला वाटतं.

पेणमध्ये ही शिस्त वेगळ्याच ठिकाणी बघायला मिळते. गणपतीच्या कारखान्यांत, इथे आणि हमरापूर-जोह्याकडे, वर्षभर मूर्ती घडतात. तिथे वास शाडूचा, प्लॅस्टरचा, रंगाचा, आणि डोळ्यांची आखणी चालू असताना माणसं श्वाससुद्धा जपून घेतात. पण त्या रांगांपुढे कुणी धूप फिरवत नाही. फळीवरची मूर्ती हा माल असतो. ती कुणाच्या तरी घरी पाटावर बसते, प्राणप्रतिष्ठा होते, तेव्हा पहिला धूर. त्याच मूर्ती बोटीने परदेशी जातात, आणि तिकडच्या मराठी घरांत आरतीआधी छतावरच्या धुराच्या गजरावर रुमाल बांधावा लागतो.

रोह्यात दसऱ्यानंतर धावीर महाराजांची पालखी निघते. ग्रामदैवताला पोलिसांची सशस्त्र मानवंदना असते, ती पाहायला लांबून माणसं येतात. पालखी गल्लीत वळली की दारोदारी औक्षणाची तबकं आणि धुपाचे लोट. दोन घरांतला धूर रस्त्यावर एक होतो, कुणाचा कुठला ते सांगता येत नाही. वर धाटावच्या कारखान्यांकडून वारा आला तर तोही वास त्यात मिसळतो. रोहेकरांच्या नाकाला हे मिश्रण सवयीचं आहे.

धूर तो धूरच, हेही खरं. बंद खोलीत जुडी पेटवणं छातीला बरं नव्हे. दम्याच्या माणसापुढे आणि तान्ह्या बाळाजवळ तर नकोच, मग बायकांचं पूर्वापारचं शहाणपण काहीही म्हणो. माझी आजी खोकतच म्हातारी झाली. चुलीबद्दलचा उमाळा चुलीपुढे न बसलेल्यांनाच येतो, आणि उज्ज्वला योजनेचा सिलिंडर घरात आला तेव्हा वाड्यांवरच्या बायकांना काय वाटलं असेल ते मला कळतं. मला चूल परत नको आहे. तिच्यातला तो वाटा द्यायची सोय तेवढी हवी आहे.

गेल्या दिवाळीत रोह्याला जाताना माझी एक चांगली जुडी मामीसाठी नेली. मामीने निखाऱ्याचा प्रश्न स्वतःपुरता केव्हाच सोडवलाय: नारळाची करवंटी चिमट्यात धरायची, गॅसवर पेटवायची आणि लाल झाली की धुपाटण्यात. बर्नर राखेने बुजतो, मामा कुरकुरतात, सिलिंडर देवासाठी आहे की माणसांसाठी असं विचारतात. मामी उत्तर देत नाही, बर्नर घासून ठेवते. मी तिला जुडी कशी पेटवायची ते सांगितलं. तिने हुंगून पाहिली, छान आहे म्हणाली, आणि कात्री आणून गाठ कापली. पाला डब्यात भरला, गुग्गुळाची वात वेगळ्या पुडीत बांधली, आणि त्यातली चिमूट करवंटीच्या निखाऱ्यावर सोडली. दोरा बोटाला गुंडाळत म्हणाली, “सुती आहे ना गं? मग वातींना होईल.”