कृष्णाकाठची भिजलेली दप्तरे

मिरज जंक्शनवर उतरून सांगलीस जाणाऱ्याला कृष्णामाईचे दर्शन लगेच घडत नाही. शहर ओलांडून आयर्विन पुलापर्यंत जावे, तेव्हा ती भेटते. वैशाखात ती इतकी शांत असते की हिने कधी कोणाचे काही नेले असेल, असे मनात येऊ नये. १९२९ सालच्या या पुलाशी नदीची पातळी फुटांत मोजतात. ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका. पावसाळ्यात येथील माणसे एकमेकांस खुशाली विचारत नाहीत, "किती झाले?" एवढेच विचारतात. २००५ च्या महापुरानंतर, असे पाणी पुन्हा या जन्मी दिसायचे नाही, असे जाणती माणसे म्हणत. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या वर गेले. २०२१ च्या जुलैत पुन्हा ५० फूट ओलांडले.

मी मात्र नदी पाहण्यास गेलो नव्हतो. गणपती पेठेत माझ्या आजोळची अडत पेढी आहे. हळद आणि गूळ हा पिढीजात व्यवहार. मामांचा निरोप आला होता : "दुकानाची दुरुस्ती काढली आहे. जुन्या वह्या रद्दीत घालण्याआधी तू एकदा नजर टाकून जा." दोन पुरांतून काढून वाळवलेल्या, कोणी न उघडलेल्या वह्या. निरोपातच त्यांचा थकवा जाणवत होता.

पेढीच्या मागल्या खोलीत पाऊल टाकले आणि ओल्या कागदाचा तो वास आला. पुराला वर्षे लोटली तरी तो जात नाही. चिखलाचा वास वेगळा, बुरशीचा वेगळा. भिजलेला कागद दोन-तीन दिवसांत वाळला नाही, तर त्यावर बुरशी धरते. आणि येथे तर पाणीच कित्येक दिवस पेठेत उभे होते. लोखंडी कपाटातील वह्या फुगून अशा ताठल्या होत्या की मामांना दार पहारीने उचकटावे लागले होते.

आश्चर्य पुढेच होते. अलीकडच्या, म्हणजे तीस-चाळीस वर्षांतील वह्या जवळजवळ कोऱ्या झाल्या होत्या. फाउंटन पेनाची निळी शाई पाण्यात विरघळून गेली होती आणि पानांवर केवळ आकाशी डाग उरले होते. त्यांच्याखालच्या, लाल खारव्याच्या बासनातील पणजोबांच्या मोडी वह्या मात्र वाचता येत होत्या. काजळीची काळी शाई पाण्यात विरत नाही. चिंध्यांच्या लगद्याचा हातकागदही गिरणीच्या कागदाहून चिवट असतो. कडा कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या, काही पाने एकमेकांस चिकटली होती. पण रोजमेळातील जमा-नावे जागच्या जागी होती. स्वस्त म्हणून घेतलेला कागद शेवटी महाग पडतो, हे व्यापाऱ्याला मी काय सांगावे!

दुपारी राजवाडा चौकाकडे गेलो. सांगली जिल्हा नगर वाचनालयाला दीड शतकाची परंपरा आहे. २०१९ च्या महापुरात तेथील हजारो ग्रंथ पाण्याखाली गेले. भिजलेले पुस्तक दुप्पट फुगते, फळीत मावत नाही, बांधणी फाडून बाहेर येते. चकचकीत कागदाची चित्रमय पुस्तके तर वाळताना वीट होतात, पान सुटत नाही. छापील कादंबरी दुसरीकडून मिळवता येते. जुनी नियतकालिके, गावातल्या गावात छापलेल्या पुस्तिका, देणगीदारांच्या नोंदी यांची दुसरी प्रत कोठे शोधावी? १८६४ पासून चालत आलेल्या चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरानेही २००५ आणि २०२१ असे दोनदा हेच भोगले. १९६६ च्या नोव्हेंबरात इटलीतील फ्लॉरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आर्नो नदी शिरली, तेव्हा तरुणांनी हातोहात ग्रंथ बाहेर काढले आणि ते तंबाखू वाळवण्याच्या भट्ट्यांत सुकवले. ते वाचल्यापासून मला वाटत आले आहे, की हळद वाळवण्यात मुरलेल्या या शहराला कागद वाळवणे काय कठीण होते? पण त्या दिवसांत माणसे वाचवायची होती, दावणीची जनावरे वाचवायची होती. पुस्तकांचा क्रम शेवटी लागला, यात कोणाला दोष देववत नाही.

सरकारी दप्तराची गोष्ट थोडी निराळी. सातबारा आता संगणकावर आहे. परंतु जुने फेरफार, जन्म-मृत्यूच्या नोंदी, मोजणीचे नकाशे यांतले किती उतरवले गेले, हे गरज पडते तेव्हाच कळते. माझ्या आईच्या जन्माच्या दाखल्यासाठी एका कार्यालयात आम्हांला "रजिस्टर पुरात खराब झाले" एवढेच उत्तर मिळाले होते. तिची जन्मतिथी अखेर आजोबांच्या वहीत सापडली : पेढे वाटल्याचा खर्च, मिती आणि वार यांसह.

संध्याकाळी मामा हरिपूरला घेऊन गेले. कृष्णा-वारणेच्या संगमावरचे हे गाव एके काळी हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध होते. जमिनीखालच्या त्या कोठारांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहत असे. २००५ च्या पुरात पाणी पेवांत शिरले आणि ती पिढ्यांची पद्धतच बुडाली. मामा संगमाकडे पाहत म्हणाले, "पेवे गेली तेव्हा माल गेला म्हणून रडलो. वह्या गेल्या तेव्हा रडलोच नाही बघ. कळलेच नाही काय गेले ते."

आपल्याकडे श्रुतपंचमीला शास्त्रे बाहेर काढून, पुसून, ऊन दाखवून नव्या बासनात बांधतात. ती येते ज्येष्ठ शुद्ध पंचमीला, नेमकी पावसाच्या तोंडावर. श्वेतांबरांची ज्ञानपंचमी कार्तिकात, पाऊस सरल्यावर. ज्यांनी या तिथी ठरवल्या, त्यांना ग्रंथांच्या पूजेइतकीच दमट हवेचीही जाण असावी, असे मला राहून राहून वाटते. मात्र ते ऊन आपण मंदिरातल्या ग्रंथांनाच दाखवतो; पेढीच्या वह्या माळ्यावर तशाच.

रात्री दिव्याखाली बसून मामांनी मोडी अक्षर लावले. घरात मोडी वाचणारे तेच शेवटचे. हळदीच्या पोत्यांमागे कापलेल्या धर्मादायाचे खाते निघाले. पांजरपोळ, बोर्डिंगमधील मुलांचे धान्य, आणि त्याखाली "वाचनालय", सालोसाल. रकमा लहान होत्या, पण एकही साल चुकलेले नव्हते. मामा बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसले.

सकाळी रद्दीवाला आला. निळ्या डागांच्या वह्या त्याला दिल्या. त्यांत वाचण्यासारखे काही उरले नव्हते. मोडीच्या अकरा वह्या मी मऊ कुंचल्याने झाडून प्रत्येक पानाचे छायाचित्र घेण्यास बसलो, आणि मामेबहिणीने तारखांची यादी करायला घेतली. खाली गवंडी फळीची जागा विचारत होता. मामांनी भिंतीवरची २०१९ च्या पाण्याची मळकट रेघ दाखवली, मग मान हलवली आणि त्याला जिन्याने वरच्या मजल्यावर घेऊन गेले.