बर्फ पडण्याआधी

स्कीइंग म्हटलं की आपल्याला आठवतं गुलमर्ग, नाहीतर हिंदी पिक्चरमधलं गाणं. पण नॉर्वेतलं क्रॉस-कंट्री स्कीइंग म्हणजे नुसतं घसरणं नव्हे मित्रांनो, चढ चढणंही तितकंच! आणि त्याची निम्मी तयारी बर्फावर होतच नाही. ती होते बर्फ पडण्याआधी, चिखलाच्या टेकडीवर.

सातव्या सेमिस्टरला मी एक्स्चेंजवर ट्रॉन्डहाइमला होतो. माझा रूम पार्टनर बिर्केबाइनर शर्यतीची तयारी करत होता. रेना ते लिलेहामर, ५४ किलोमीटर, पाठीवर साडेतीन किलोची सॅक! सॅक कशाला? तर १२०६ साली दोन योद्ध्यांनी तान्ह्या राजपुत्राला स्कीवरून डोंगरापलीकडे सुखरूप नेलं. हे वजन त्या बाळाचं.

आठवड्यातून दोनदा पठ्ठ्या टेकडीवर. मीही जायचो. हातात स्कीच्या काठ्या, नेहमीपेक्षा जरा आखूड. चार मिनिटं चढ, मग सावकाश खाली, असं पाच वेळा. नियम एकच : पाचवी फेरी पहिलीपेक्षा हळू होता कामा नये. म्हणजे पहिल्याच फेरीत शौर्य दाखवायचं नाही!

तंत्र असं. कमरेत वाकायचं नाही, घोट्यातून पुढे झुकायचं. उजवा पाय तर डावी काठी. पुढच्या पायावर पूर्ण वजन, मगच ढकलायचं. उडी वर नाही, पुढे.

यामागे आपलं इंजिनीअरिंग आहे. क्लासिक स्की मधोमध कमानीसारखी उचललेली असते, तिथे चिकट वॅक्स लावतात. पूर्ण वजन पडलं की कमान दबते, वॅक्स बर्फ पकडतं आणि त्या क्षणी स्की चक्क थांबलेली असते. फ्रिक्शनचा धडा! वजन अर्धवट पडलं की पाय मागे सटकलाच. उन्हाळ्यात रस्त्यावर चालवायच्या रोलर स्कीचं चाक उलटं फिरतच नाही, त्यामुळे तिथे ही चूक खपून जाते. म्हणून टेकडी हवीच. ट्रॉन्डहाइममध्येच वाढलेला क्लेबो चढावर स्की घालून अक्षरशः पळतो. २०२५ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये त्याच गावात त्याने सहापैकी सहा सुवर्णपदकं घेतली.

ऑक्टोबरच्या पावसात एकदा मी पार्टनरला विचारलं, "एवढं करून शर्यतच रद्द झाली तर?" कारण २०१४ ला ती वाऱ्यामुळे रद्द झाली होती, २०२० ला कोरोनामुळे. तो काठीचा चिखल पुसत म्हणाला, "होऊ शकते. उद्या सहा वाजता येतोयस ना?"

तेव्हा इकडे आमच्या बॅचच्या ग्रुपवर रोज एकच चर्चा, यंदा कंपन्या येणार की नाही? काही जणांनी तर 'येणारच नाहीत' म्हणून अॅप्टिट्यूडचं पुस्तक मिटूनही ठेवलं होतं. मी परत आलो तोवर मोजक्याच कंपन्या येऊन गेल्या होत्या. मला अजून ऑफर नाही. रात्री कधीकधी झोप लागत नाही, घरून फोन आला की काय सांगायचं कळत नाही. पण रोज दोन तास पुस्तक उघडतो. कंपनी आणणं माझ्या हातात नाही, पुस्तक आहे.

आणि हो, हॉस्टेलमागच्या टेकडीवर बांबूच्या दोन काठ्या घेऊन सकाळी सहाला जातो. मेसच्या चहाआधी परत. कुणालाही यायचं असेल तर जरूर या. अट एकच, पहिल्या फेरीत पळायचं नाही!

— अंतिम वर्ष, मेकॅनिकल